एक गाव, एक वही: बदलता समुद्र आणि किनाऱ्यावरची माणसे यांचा एकत्र अभ्यास कसा करावा

डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात ओखी चक्रीवादळाच्या प्रभावामुळे मुंबई आणि उत्तर कोकणच्या पट्ट्यात ऐन थंडीत पाऊस झाला. बोंबील वाळवण्याचा तो हंगाम होता. बांबूच्या मांडवांवर टांगलेली आणि जमिनीवर पसरलेली मासळी भिजली की तिला वास सुटतो, किडे पडतात आणि ती खत म्हणून देण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. या एका घटनेची नोंद वेगवेगळ्या शास्त्रांत कशी होते ते पाहिले, तर आपला प्रश्न लगेच समजतो. हवामानशास्त्राच्या नोंदीत तो काही मिलिमीटर अवकाळी पाऊस असतो. मत्स्योत्पादनाच्या आकडेवारीत नुकसान दिसतच नाही, कारण मासळी बंदरावर उतरली तेव्हाच ती मोजून झालेली असते आणि जे बिघडते ते त्यानंतर, बायकांच्या हातात बिघडते. अर्थशास्त्रज्ञ सहसा होडीच्या मालकाचा हिशेब मागतो, आणि वाळवणीचा हिशेब बहुतेक घरांत मालकाकडे नसतो. म्हणजे प्रत्येक विद्याशाखेने आपले काम चोख केले तरीही घटनेचा गाभा त्यांच्या मधल्या फटीत पडून राहतो.

ही फट बुजवणारा अभ्यास प्रत्यक्ष कसा उभा करावा, याविषयी हे मार्गदर्शन आहे. पदव्युत्तर विद्यार्थी, महाविद्यालयीन शिक्षक आणि किनारपट्टीवर काम करणारे लहान गट हे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. उदाहरणासाठी मी पालघर-रायगड पट्ट्यातले, डोल या पिशवीसारख्या, एका जागी रोवलेल्या जाळ्याने बोंबील आणि जवळा पकडणारे गाव घेतले आहे. त्यात भौतिक समुद्र, जीवशास्त्र, घरकाम, कर्ज आणि कायदा हे सगळे एकाच ठिकाणी गुंतलेले दिसतात. मालवणच्या रापणीसाठी (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यासाठी) किंवा पेणच्या खारेपाटातल्या भातशेतीसाठी तपशील बदलतील, परंतु रीत तीच राहील.

प्रश्न असा हवा की एकट्याला उत्तर देता येऊ नये

आंतरविद्याशाखीय म्हणवणारे पुष्कळ प्रकल्प प्रत्यक्षात शिवलेली गोधडी असतात. एक प्रकरण पाण्याच्या तापमानाचे, एक माशांचे, एक ‘सामाजिक-आर्थिक स्थिती’चे, आणि शेवटी या तिन्हींना न सांधणारा समारोप. याचे मूळ प्रश्नाच्या मांडणीत असते. ‘अरबी समुद्रातील तापमानवाढ आणि मच्छीमार समाज’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्याऐवजी असे विचारावे: गेल्या वीस वर्षांत या गावातल्या बायकांना बोंबील वाळवण्यासाठी सलग कोरडे दिवस किती मिळाले, आणि ते कमी झाले असतील तर ओला बोंबील बर्फात घालून विकण्याकडे गाव त्यामुळे वळले, की रस्ता आणि बर्फाचा कारखाना आल्यामुळे? या प्रश्नाला पावसाच्या नोंदी लागतात, मासळीच्या नोंदी लागतात, बाजारभाव लागतात आणि घराघरांत जाऊन बसणेही लागते. यांतली एक गोष्ट जरी काढली तरी उत्तर अपुरे राहते. प्रश्नाची हीच परीक्षा घ्यावी: त्यातून एक विद्याशाखा वजा करून पाहावी. उत्तर तसेच मिळत असेल, तर ती विद्याशाखा शोभेपुरती घेतलेली आहे.

प्रश्न पक्का करण्याआधी गावात निदान आठ-दहा दिवस, कोणतीही प्रश्नावली न घेता, राहावे. शक्य असल्यास हे दिवस जून किंवा जुलैमध्ये निवडावेत. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, माणसे जाळी दुरुस्त करत बसलेली असतात आणि त्यांना बोलायला वेळ असतो. ऑक्टोबरच्या उधाणात, जाळे उचलून आलेल्या तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) तासभर मुलाखतीसाठी अडवणे हे अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी आणि माणुसकीच्या दृष्टीने वाईट आहे.

गट बांधताना

समुद्रविज्ञान, मत्स्यजीवशास्त्र आणि समाजशास्त्र जाणणारी तीन माणसे पुरतात. कायदा जाणणारा एक सल्लागार असावा. मात्र गावातली निदान दोन माणसे पहिल्या बैठकीपासून गटात असावीत, त्यांना मानधन द्यावे, आणि त्यांतली एक मासळी विकणारी किंवा वाळवणारी स्त्री असावी. समाजशास्त्रज्ञाला प्रकल्पाच्या शेवटच्या वर्षी बोलावून प्रश्नावली वाटायला सांगण्याची पद्धत मी अनेकदा पाहिली आहे. तोपर्यंत मोजणीची ठिकाणे, वेळा आणि प्रजाती ठरून गेलेल्या असतात आणि त्याने आणलेली माहिती कशालाच जोडता येत नाही.

पहिल्या बैठकीत निधीचे वाटप करण्याआधी शब्दांचे वाटप करावे. ‘हंगाम’ हा शब्द घ्या. हवामानशास्त्रज्ञासाठी तो जून ते सप्टेंबर, मत्स्यसांख्यिकीसाठी तीन-तीन महिन्यांचा एकेक तुकडा, आणि कोळ्यासाठी नारळी पौर्णिमेपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचा काळ. कायद्याने मासेमारी १ ऑगस्टला सुरू होऊ शकते. नारळी पौर्णिमा मात्र अधिक श्रावणामुळे २०२३ साली ३० ऑगस्टला आली होती. ज्या घरांनी सणापर्यंत होडी लोटली नाही त्यांचा ऑगस्ट महिना आकडेवारीत शून्य दिसेल, आणि हे ठाऊक नसलेला संशोधक त्या शून्याचे कारण समुद्रात शोधत बसेल. ‘किनारा’ या शब्दाचेही तसेच आहे. सागरी किनारा नियमन क्षेत्राची १९९१, २०११ आणि २०१९ ची अधिसूचना भरतीरेषेपासून अंतर मोजते, भूरूपशास्त्रज्ञ वाळूची सीमा पाहतो, आणि मासळी वाळवणाऱ्या बाईसाठी किनारा म्हणजे तिच्या सासूपासून चालत आलेली वाळवणीची जागा, जिचा सातबारा बहुधा तिच्या नावावर नसतो. असे पंचवीस-तीस शब्द काढून प्रत्येकाचा अर्थ सगळ्यांना मान्य होईल अशा रीतीने लिहून ठेवावा. हे काम कंटाळवाणे वाटते, तरीही पुढच्या अर्ध्याअधिक भांडणांचा निकाल त्यातच लागतो.

समुद्राच्या बाजूने काय मोजावे

आधी मोठे चित्र समजून घ्यावे. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनानुसार उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी १ अंश सेल्सियसने वाढले, आणि ही वाढ जगाच्या सागरी सरासरीपेक्षा जास्त होती. त्याच मूल्यांकनात उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटर दराने वाढल्याचे नोंदवले आहे. आता हा आकडा गावाच्या अनुभवाशी ताडून पाहावा. तीस वर्षांत सुमारे दहा सेंटिमीटर वाढ होते, तर मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरतीची उंची साडेचार मीटरच्याही वर जाते. रोज कित्येक मीटर चढणाऱ्या-उतरणाऱ्या पाण्यात दहा सेंटिमीटर कोणाच्या डोळ्यांना दिसणार? म्हणून ‘समुद्राची पातळी वाढली असे तुम्हाला वाटते का’ हा प्रश्न गावात विचारू नये. ‘उधाणाचे पाणी पूर्वी कुठपर्यंत येत असे, आता कुठपर्यंत येते, आणि खारभूमीच्या बांधावरून ते पहिल्यांदा कधी ओसंडले’ असे विचारावे, आणि त्या जागा प्रत्यक्ष दाखवायला सांगून त्यांची उंची मोजावी. सरासरीतली लहान वाढ माणसाला उधाणाच्या टोकाशीच जाणवते. मुंबई महानगरपालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस जाहीर करते. त्या दिवशी गटाने गावात हजर राहून पाणी कुठवर आले याची खूण करावी. शिवाय मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. इतकी लांब मालिका हिंदी महासागरात क्वचितच मिळते, आणि ती वापरण्यासाठी आपल्याला काहीही उभारावे लागत नाही.

डोल जाळ्याच्या बाबतीत भरती-ओहोटी हाच कणा आहे. हे पिशवीसारखे जाळे समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेले असते आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते. ओढ थांबली की पाणी उलटण्यापूर्वी जाळे उचलायचे असते. यावरूनच कळते की हे जाळे गुजरातपासून उत्तर कोकणापर्यंत का रुजले, आणि भरतीची उंची जिथे कमी होत जाते त्या दक्षिणेकडच्या मालवणात, पुढे गोव्यात, रापण का चालली. पाण्याच्या भौतिकशास्त्राने जाळे ठरवले, आणि जाळ्याने श्रमाची वाटणी. म्हणूनच उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांची नोंद केल्याशिवाय मासळीच्या आकड्याला अर्थ नसतो: उधाणाच्या दिवशीची पकड आणि अष्टमी-नवमीच्या सुमाराच्या भांगातली पकड यांची तुलना करून ‘घट’ सिद्ध करणारा माणूस फक्त चंद्राच्या कला मोजत असतो.

उपग्रहाने मिळणारे पृष्ठभागाचे तापमान मोठ्या पट्ट्यासाठी उपयोगी आहे, परंतु पावसाळ्यात ढगांमुळे त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. शिवाय कित्येक नकाशांतला एकेक चौकोन पंचवीस किलोमीटरचा असतो, आणि गावाची सगळी मासेमारी त्या एका चौकोनात मावते. त्यामुळे मिळाली तर तापमान आपोआप नोंदवणारी लहान उपकरणे डोलीच्या खुंटाला, तळाशी आणि मध्यावर, बांधावीत. मच्छीमार स्वतःच ती जाळ्याबरोबर उचलतो आणि वाचन देतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या दोनापावला येथील शास्त्रज्ञांनी गोव्यात कांदोळीसमोर एकाच जागी १९९७ पासून जे सातत्याने मोजले, त्यातून पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात आणि पावसाळ्याच्या अखेरीस तळाच्या पाण्यातला प्राणवायू कसा घटतो हे तपशिलाने कळले. एकच जागा, पण वर्षानुवर्षे, हा धडा लहान गटांनी त्यातून घ्यावा. लाटा, वारा आणि वादळाचे इशारे हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून मिळतात, पावसाच्या दैनंदिन नोंदी हवामान खात्याकडून. चार मिलिमीटर पाऊस शेतकऱ्याच्या दृष्टीने नगण्य असेल, वाळत घातलेल्या बोंबलाला तो पुरेसा असतो. तेव्हा कोरड्या दिवसाची व्याख्या पुस्तकातून घेऊ नये, वाळवणाऱ्या बायकांना विचारून ठरवावी.

माशांसाठी महागडी साधने लागत नाहीत. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या होडीतून, एक पाटी न निवडता घ्यावी, त्यातल्या बोंबलांची लांबी सेंटिमीटर पट्टी लावलेल्या फळीवर मोजावी आणि लहान, अंडी न आलेल्या माशांचे प्रमाण लिहावे. वर्षभराच्या अशा पन्नास नोंदी पुष्कळ काही सांगतात. पाटीतला कचराही मोजावा, कारण प्लॅस्टिक निवडण्यात जाणारा वेळ हा त्या घरातल्या बाईचा वेळ असतो.

गावाच्या बाजूने काय विचारावे, आणि कुठे पाहावे

‘मासळी कमी झाली का?’ या प्रश्नाला किनाऱ्यावर सर्वत्र ‘हो’ असेच उत्तर मिळते. ते खोटे नसते, परंतु त्याने काहीच मोजता येत नाही. मासळी किती लागली याबरोबर ती मिळवण्यासाठी किती कष्ट आणि खर्च लागला, हे कळले पाहिजे. त्यासाठी सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे मच्छीमार सहकारी संस्थेच्या डिझेलच्या आणि बर्फाच्या वह्या. डिझेलवरील परताव्यासाठी संस्थांना होडीनिहाय नोंदी ठेवाव्या लागतात. एका होडीने हंगामात किती डिझेल जाळले हे दहा-पंधरा वर्षांचे लिहून घेतले, तर होडी पूर्वीपेक्षा दूर जाते का, अधिक फेऱ्या करते का, याचा अंदाज येतो. ही माहिती व्यवहाराची आहे, म्हणून संचालक मंडळाची लेखी परवानगी घ्यावी आणि होड्यांची नावे काढून टाकावीत.

आठवणी विचारताना साल विचारू नये, खुणा विचाराव्यात. पहिले इंजिन बसले त्याच्या आधी की नंतर, २६ जुलै २००५ च्या पावसाआधी की नंतर, फयान वादळाच्या (नोव्हेंबर २००९) वर्षी की त्यानंतर, निसर्ग वादळात (३ जून २०२०) छप्पर उडाले त्या सुमाराला की टाळेबंदीत. माणसाची स्मृती अशा गाठींनी बांधलेली असते. एकाच घटनेविषयी निदान पाच जणांना, स्वतंत्रपणे, विचारावे, आणि त्यांत वयाने व कामाने वेगळी माणसे असावीत: तांडेल, खलाशी, मालक, वाळवणारी, डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरणारी. खलाशी बाहेरच्या राज्यातून किंवा नेपाळमधून आलेले असतील तर त्यांनाही विचारावे. त्यांचा वाटा ठरतो पकडीवर, पण गावाच्या बैठकीत त्यांना जागा नसते.

आमच्या स्वतःच्या अशा एका अभ्यासाच्या पहिल्या फेरीत आम्ही सगळ्या मुलाखती सकाळी जेट्टीवर घेतल्या. बायका तेव्हा लिलाव आटोपून बाजाराला निघून गेलेल्या असत. महिनाभराने वह्या उघडल्या तेव्हा साठांपैकी चार उत्तरे बायकांची होती, आणि तीही नवऱ्याच्या शेजारी बसून दिलेली. वाळवणीविषयीचा अभ्यास वाळवणाऱ्यांना न विचारता चालला होता, ही चूक सुधारायला आमचा एक हंगाम गेला. त्यानंतर आम्ही दुपारी, मासळी उलटवण्याच्या वेळी, वाळवणीच्या जागेवर बसू लागलो. हाताने कामही केले. तिथे ज्या गोष्टी कळल्या त्या कोणत्याही प्रश्नावलीत नव्हत्या: पाऊस येणार हे वाऱ्यावरून कसे ओळखतात, मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) कमी पडला की बोंबील आतून ओला कसा राहतो, भिजलेला माल कोणाला कोणत्या भावाने द्यावा लागतो, आणि त्या महिन्याचे कर्ज कोणाकडून घ्यावे लागते.

जुन्या काळासाठी मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटियर पाहावीत. रत्नागिरी-सावंतवाडीचे १८८० मध्ये, ठाण्याचे १८८२ मध्ये आणि कुलाबा जिल्ह्याचे (म्हणजे आजच्या रायगडचे) १८८३ मध्ये निघाले, आणि त्यांत मासे, जाळी, होड्या व मीठ यांची वर्णने आहेत. ती परक्या अधिकाऱ्यांच्या नजरेने लिहिलेली आहेत हे लक्षात ठेवून वाचावे. गावपातळीवर किती कुटुंबे, किती होड्या हे पाहण्यासाठी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची मत्स्यगणना आहे. २०१० च्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे आणि ८१,४९२ मच्छीमार कुटुंबे नोंदली गेली. मात्र अशा गणनेचा आकडा आपल्या गावातल्या हाताने केलेल्या मोजणीशी एकदा पडताळून पाहावा.

सांधा वहीत पडतो

समुद्राची आणि गावाची माहिती वेगवेगळ्या संगणकांत साठवून वर्षाअखेरीस एकत्र आणण्याचा प्रयत्न करू नये. तोपर्यंत त्यांची मापे जुळत नाहीत. पहिल्या दिवसापासून एकच नोंदवही ठेवावी आणि तिच्या प्रत्येक ओळीत तारखेबरोबर तिथी लिहावी. दिवसाची दोन्ही नावे एकाच ओळीत आली की मच्छीमाराचे ज्ञान आणि उपकरणाचे वाचन एकमेकांशी बोलू लागतात. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून हा हिशेब थोडाफार चुकत असला तरी कामापुरता बरोबर येतो. विद्यार्थ्याने हे गणित शिकून घ्यावे आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-तक्त्याशी ते स्वतः ताडून पाहावे. तसे केल्यावर गावातल्या वयस्कर माणसाशी त्याचे बोलणे वेगळ्याच पातळीवर होते, कारण तो केवळ उत्तरे गोळा करायला आलेला नाही, आपल्याकडून काही शिकला आहे, हे समोरच्याला दिसते.

एका ओळीत मावतील इतकेच रकाने ठेवावेत: तारीख, तिथी, वारा कुठून, आकाश, खुंटाजवळचे तापमान, किती जाळी उचलली, किती पाट्या, त्यातली वाळवायला किती आणि ओली विकली किती, भाव, आणि शेवटी एक मोकळा रकाना, ज्यात गावातला नोंद करणारा आपल्या शब्दांत जे महत्त्वाचे वाटेल ते लिहील. हा शेवटचा रकाना कधीही काढू नये. ‘आज पाणी काळे’, ‘जाळ्यात जेलीमासेच’, ‘लग्नामुळे होडी गेली नाही’ अशा नोंदींतूनच पुढचे प्रश्न निघतात, आणि लग्नाच्या दिवसाचे शून्य समुद्राच्या नावावर जमा होत नाही. ही वही निदान दोन पूर्ण हंगाम चालवावी. एका हंगामावरून हवामानबदलाविषयी काहीही म्हणता येत नाही, आणि दोनांवरूनही फारसे नाही. पण जुन्या पावसाच्या, डिझेलच्या व भरतीच्या नोंदी वाचायची किल्ली त्यातून हाती येते.

कारण ठरवताना घाई करू नये

मासळी घटली की हवामानबदल हे कारण पुढे करणे आज सोपे झाले आहे. सोपे यासाठी की त्यात जवळचा कोणीही दोषी ठरत नाही. केरळमध्ये तारली या माशाची पकड २०१२ मध्ये विक्रमी होती आणि २०२१ पर्यंत ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. त्या घसरणीत तापलेले पाणी आणि एल निनो (प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापण्याची घटना) यांचा वाटा किती, आणि लहान मासळीच्या बेसुमार पकडीचा किती, यावर जाणकारांत दीर्घ चर्चा झाली. आपल्याकडेही मासळीच्या थव्याला वेढणारी पर्ससीन जाळी, तलाव आणि खाड्यांचे भराव, कारखान्यांचे सांडपाणी, बंदरांसाठीचे गाळ-उपसणे आणि तापमान ही सगळी कारणे एकाच वेळी काम करतात. म्हणून प्रत्येक निष्कर्षापुढे प्रतिस्पर्धी कारणांची नावे लिहावीत आणि प्रत्येकासाठी विचारावे: हे कारण खरे असते तर आणखी काय दिसायला हवे होते? तापमानच कारण असेल तर बांधकाम नसलेल्या शेजारच्या गावातही तशीच घट दिसेल. सांडपाणी कारण असेल तर घट खाडीच्या तोंडाशी जास्त असेल. अतिपकड असेल तर माशांची लांबी आधी कमी होईल. यासाठी तुलनेचे दुसरे गाव सुरुवातीलाच निवडावे लागते.

पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. असा मोठा आणि वादाचा प्रकल्प ज्या पट्ट्यात आहे तिथे अभ्यासकाला पहिल्याच दिवशी विचारले जाते की तुम्ही कोणाच्या बाजूचे. या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये. निधी कोणाचा, माहिती कोणाला मिळणार, निष्कर्ष गावाला प्रतिकूल निघाले तर काय करणार, हे तिन्ही लेखी द्यावे. माझे मत असे आहे की प्रकल्पाआधीची स्थिती काळजीपूर्वक नोंदवणे हेच अशा ठिकाणी संशोधकाचे सर्वांत उपयोगी काम आहे, कारण नंतर ती स्थिती कोणालाच पुन्हा मोजता येत नाही.

परवानग्या आणि संमती

प्रवाळ, समुद्रघोडे, कासवे यांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चे संरक्षण आहे. त्यांचे नमुने परवानगीशिवाय गोळा करता येत नाहीत, जाळ्यात आलेलेही नाहीत. कांदळवनात काम करायचे असेल तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आधी अर्ज करावा. होडीवर जाण्यापूर्वी सागरी पोलीस ठाण्याला कळवावे, जीवरक्षक जाकीट घालावे, आणि तांडेल नको म्हणेल त्या दिवशी होडीत पाय ठेवू नये.

संमतीचा कागद मराठीत, आणि बोलीत समजावून, घ्यावा. सर्वांत नाजूक माहिती म्हणजे जागा. डोलीचे खुंट ठोकण्याच्या जागेला कव म्हणतात, आणि कवींच्या हक्कावरून वसई ते डहाणू पट्ट्यातल्या गावांमध्ये जुने वाद आहेत. तांडेलाने विश्वासाने दाखवलेली जागा अचूक अक्षांश-रेखांशांसह प्रबंधात छापली, तर तो विश्वास आणि कदाचित त्याचा धंदाही आपण बुडवतो. नकाशे मोठ्या चौकोनांत दाखवावेत, आणि कोणती माहिती छापायची नाही याची यादी गावानेच करावी. जैविक विविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावाची इच्छा असेल तर माशांची स्थानिक नावे, ऋतू आणि अधिवास यांची माहिती तिच्यात घालण्यास मदत करावी.

माहिती परत देणे

निष्कर्ष प्रसिद्ध होण्याआधी गावात वाचून दाखवावेत. दिवस भांगाचा निवडावा, कारण तेव्हा डोलीचे काम हलके असते. वेळ बायकांना विचारून ठरवावी. आलेख भिंतीवर दाखवण्याऐवजी लांब कापडावर काढावा: एका बाजूला महिने, दुसऱ्या बाजूला कोरडे दिवस, आणि खाली लोकांनीच सांगितलेल्या खुणा, म्हणजे फयान, ओखी, निसर्ग. लोक उठून बोट ठेवतात, ‘हे इथे नाही, त्याच्या पुढच्या वर्षी’ असे सांगतात, आणि ती दुरुस्ती त्यांच्या नावानिशी, त्यांची परवानगी घेऊन, नोंदवावी. दोन माणसांचे म्हणणे जुळले नाही तर दोन्ही ठेवावीत. ज्या गावकऱ्यांनी वही लिहिली त्यांचे नाव लेखकांत घालावे की आभारात, हे त्यांनाच विचारावे. काहींना नाव नको असते आणि त्याची कारणे योग्य असतात.

प्रकल्पाचा निधी संपतो त्या दिवशी तापमानाची उपकरणे काढून नेण्याचा प्रघात आहे. तसे करू नये. किमान एक उपकरण, लांबी मोजायची फळी, मूळ वहीची एक प्रत आणि पुढच्या दोन हंगामांसाठी आखलेल्या कोऱ्या वह्या गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यालयात ठेवाव्यात. नोंद करणाऱ्याचे मानधन निदान एक वर्ष पुढे चालेल एवढी तरतूद मूळ अंदाजपत्रकातच करावी, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी एकदा जाऊन रकाने नीट भरले जातात का ते पाहून यावे.